गृहयुद्धातील सामान्य माणसांचे धैर्य आणि त्याग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गृहयुद्धातील धैर्याचा वेगळा विचार का करावा लागतो?

दोन देशांच्या युद्धात शत्रू सीमेपलीकडे असतो, त्याची भाषा आणि गणवेश निराळा असतो, आणि आपल्या माणसाला साथ देणे हे कर्तव्य मानले जाते. यादवीत मात्र शत्रू म्हणून जो दाखवला जातो, तो कालपर्यंत शेजारच्या घरात राहत असतो, त्याची मुले आपल्या मुलांबरोबर शाळेत जात असतात, आणि कित्येकदा तो आपल्याच नात्यातला असतो. अशा युद्धात सशस्त्र गटांची पहिली मागणी जमिनीची नसते. माणसांची विभागणी करण्याची असते. कोण कोणत्या जातीचा, धर्माचा, टोळीचा किंवा पक्षाचा, हे सांगा आणि त्याला आमच्या हवाली करा, असे ते सामान्य नागरिकालाच फर्मावतात. त्यामुळे गृहयुद्धातील धैर्य बहुतेक वेळा लढण्यात दिसत नाही. ते या फर्मानाला नाही म्हणण्यात दिसते, आणि या पानावरील जवळजवळ सर्व उदाहरणे त्याच नकाराची आहेत.

शेजाऱ्याला वाचवण्यात एवढा धोका कोणता?

यादवीत ‘आपल्यातला गद्दार’ हा शत्रूपेक्षाही मोठा गुन्हेगार ठरवला जातो, हे या प्रश्नाचे उत्तर आहे. बोस्नियाच्या दक्षिणेकडील त्रेबिन्ये या गावात जानेवारी १९९३ मध्ये काही सर्ब सैनिकांनी एका बोस्नियाक मुस्लिम तरुणाला भर रस्त्यात अडवून मारहाण सुरू केली. स्रजान अलेक्सिच हा हौशी नाट्यकलावंत स्वतः सर्ब होता, तरीही तो मध्ये पडला. सैनिकांनी आपला मोर्चा त्याच्याकडे वळवला, बंदुकीच्या दस्त्यांनी त्याला ठोकून काढले, आणि काही दिवस बेशुद्धावस्थेत राहून २७ जानेवारीला तो मरण पावला. ज्याच्यासाठी तो मध्ये पडला होता, तो तरुण वाचला. आपला मुलगा माणूस म्हणून असलेले कर्तव्य बजावताना गेला, अशा आशयाचे शब्द वडिलांनी त्याच्या मृत्यूच्या सूचनेत लिहिले. आज साराजेव्होसह त्या प्रदेशातील अनेक शहरांत त्याच्या नावाचे रस्ते आहेत.

(बोस्नियातील १९९२ ते १९९५ चे युद्ध गृहयुद्ध होते की शेजारच्या राज्याचे आक्रमण, यावर आजही तीव्र मतभेद आहेत, आणि माजी युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याचे आंतरराष्ट्रीय स्वरूप मान्य केले आहे. मात्र त्रेबिन्येच्या त्या रस्त्यावर मारणारे आणि मध्ये पडणारा एकाच समाजाचे होते, आणि येथे तेवढेच महत्त्वाचे आहे.)

जवळ शस्त्र नाही, पैसा नाही, ओळखपाळख नाही, असा माणूस इतरांना कसे वाचवतो?

हाताशी जे असते, त्याच्याच बळावर. रवांडात १९९० पासून गृहयुद्ध सुरू होते, आणि एप्रिल ते जुलै १९९४ या काळात तुत्सी या अल्पसंख्य समाजाचा बहुसंख्य हुतू समाजातील अतिरेक्यांच्या हातून वंशसंहार झाला, ज्यात सुमारे ८ लाख माणसे मारली गेली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या दिवसांत मुसामो या खेड्यात झुरा कारुहिम्बी नावाची एक वृद्ध वैदू स्त्री राहत होती. झाडपाल्याची औषधे देणारी आणि भुताखेतांशी संधान असलेली बाई, अशी तिची पंचक्रोशीत ख्याती होती. तिने आपल्या लहानशा घरात, पलंगाखाली, आढ्यावर आणि शेतातल्या खड्ड्यात शंभराहून अधिक माणसे लपवली. मारेकरी दाराशी आले की ती हातातली कडी खुळखुळवत बाहेर यायची, आत पाऊल टाकाल तर देवतांचा कोप ओढवून घ्याल असे धमकवायची, आणि अंगाची आग करणारा पाला आधीच हातांना चोळून ठेवून मारेकऱ्यांना स्पर्श करायची. लोकांच्या मनातल्या ज्या भीतीमुळे एरवी तिला दूर ठेवले गेले असेल, त्याच भीतीची तिने भिंत उभी केली. डिसेंबर २०१८ मध्ये तिचे निधन झाले.

अशा घटनांकडे केवळ चमत्कृती म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. त्या वृद्धेला प्रत्येक दिवशी तोच निर्णय नव्याने घ्यावा लागत होता, आणि एकदा जरी मारेकऱ्यांनी तिच्या शब्दावर अविश्वास दाखवला असता, तरी आतल्या सगळ्यांसह तीही मारली गेली असती. लपवलेल्या माणसांना पाणी आणि अन्न लागते, लहान मुले रडतात, आजारी माणसे खोकतात. एकाला आसरा देणे म्हणजे हे सगळे आठवडेच्या आठवडे निभावणे होय.

आपल्या विरोधी पक्षाच्या माणसांना वाचवणारे कोणी होते का?

होते, आणि माझ्या मते यादवीच्या इतिहासातील सर्वांत अवघड धैर्य हेच आहे, कारण निरपराध शेजाऱ्याबद्दल निदान कळवळा तरी असतो; येथे तोही नसतो. स्पेनच्या गृहयुद्धात (१९३६ ते १९३९) मेल्चोर रोद्रिगेस हा अराजकवादी (राज्यसत्ताच नको असे मानणारा) कामगार कार्यकर्ता प्रजासत्ताकाच्या बाजूने, म्हणजे बंडखोर जनरल फ्रँकोच्या विरोधात होता. उमेदीच्या काळात तो बैलझुंजीत उतरत असे, पुढे धातुकाम करून पोट भरू लागला, आणि राजकीय कामामुळे त्याने स्वतः अनेकदा तुरुंगवास भोगला होता. १९३६ च्या अखेरीस माद्रिदच्या तुरुंगांतून फ्रँकोच्या समर्थक कैद्यांना बाहेर काढून त्यांची सामूहिक हत्या केली जात होती. तुरुंगांची जबाबदारी हाती येताच रोद्रिगेसने हे प्रकार थांबवले. ८ डिसेंबर १९३६ रोजी अल्काला दे एनारेस येथे विमानांतून बॉम्ब पडल्यानंतर संतापलेला सशस्त्र जमाव सूड घेण्यासाठी तेथील तुरुंगावर चालून गेला. रोद्रिगेस दरवाजात उभा राहिला आणि कित्येक तास वाद घालून, धमक्या ऐकून, त्याने जमावाला माघारी पाठवले. आत सुमारे दीड हजार कैदी होते, आणि ते सगळे त्याच्या राजकीय शत्रूंच्या गोटातले होते.

युद्ध फ्रँकोने जिंकले. विजयी पक्षाच्या लष्करी न्यायालयाने रोद्रिगेसलाच दोषी ठरवले, तेव्हा त्याने ज्यांचे प्राण वाचवले होते त्यांपैकी एक, जनरल मुन्योस ग्रांदेस, त्याच्या बाजूने उभे राहिले. तरीही काही वर्षे त्याला तुरुंगात काढावी लागली. सुटल्यावर त्याने सत्ताधाऱ्यांच्या उपकाराची नोकरी स्वीकारली नाही आणि आपली राजकीय मतेही सोडली नाहीत. १९७२ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेला दोन्ही बाजूंचे लोक एकत्र आले होते.

नि:शस्त्र लोक युद्ध थांबवू शकतात का?

एकट्याच्या बळावर युद्ध थांबवल्याचे उदाहरण सापडणे कठीण आहे. परंतु लढणाऱ्यांना वाटाघाटीपासून पळ काढता येणार नाही अशी परिस्थिती सामान्य लोकांनी निर्माण केल्याचे उदाहरण निश्चित आहे, आणि ते लायबेरियाचे आहे.

पश्चिम आफ्रिकेतील या देशात १९८९ ते २००३ या काळात दोन गृहयुद्धे झाली. सुमारे अडीच लाख माणसे मेली, आणि हजारो लहान मुलांच्या हातात बंदुका देण्यात आल्या. राजधानी मन्रोव्हियातील सेंट पीटर्स लुथरन चर्चमध्ये आश्रयाला आलेल्या सुमारे सहाशे जणांची जुलै १९९० मध्ये सैनिकांनी कत्तल केली होती. पुढे त्याच चर्चच्या आवारात शांततेसाठी प्रार्थना करणाऱ्या स्त्रिया एकत्र येऊ लागल्या. लेमा ग्बोवी ही समाजकार्यकर्ती, चार मुलांची आई, त्यांची प्रमुख होती. आसातू बा केनेथ ही पोलीस अधिकारी मुस्लिम स्त्रियांना घेऊन आली. ख्रिस्ती आणि मुस्लिम बायांनी एकत्र बसावे की नाही यावर सुरुवातीला कुरबुरी झाल्या, परंतु बंदुकीची गोळी धर्म विचारून लागत नाही, ही गोष्ट दोघींनाही अनुभवाने ठाऊक होती.

२००३ मध्ये या स्त्रिया पांढरे कपडे घालून मासळी बाजाराजवळच्या मोकळ्या मैदानात रोज बसू लागल्या. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांचा ताफा ज्या रस्त्याने जात असे, त्याच रस्त्याकडेला ते मैदान होते. कडक ऊन असो की मुसळधार पाऊस, त्या उठल्या नाहीत. २३ एप्रिल २००३ रोजी टेलर यांना त्यांची भेट घ्यावी लागली. जूनमध्ये घानाच्या आक्रा शहरात वाटाघाटी सुरू झाल्या, परंतु आठवड्यांमागून आठवडे गेले तरी प्रतिनिधी खुर्च्यांच्या वाटपावरच घासाघीस करत राहिले, आणि तिकडे मन्रोव्हियावर तोफगोळे पडत होते. जुलैमध्ये या स्त्रियांनी सभागृहाच्या दारात हातात हात गुंफून बैठक मारली आणि तडजोड होईपर्यंत कोणालाही बाहेर पडू न देण्याचे जाहीर केले. ग्बोवीला अटक करायला पहारेकरी आले, तेव्हा तिने अंगावरचे कपडे उतरवायला सुरुवात केली. आईच्या वयाच्या स्त्रीने संतापून स्वतः विवस्त्र होणे हा त्या समाजात भयंकर शाप समजला जातो, त्यामुळे पहारेकरी मागे हटले. मध्यस्थ असलेले नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख अब्दुलसलामी अबुबकर यांनी त्या स्त्रियांना हटवण्याऐवजी प्रतिनिधींनाच समज दिली.

११ ऑगस्टला टेलर यांनी सत्ता सोडली आणि १८ ऑगस्ट २००३ रोजी शांतता करार झाला. यामागे बंडखोरांचा लष्करी रेटा आणि आंतरराष्ट्रीय दबावही होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु करारानंतरही या स्त्रिया घरी परतल्या नाहीत. मुलांच्या हातातल्या बंदुका खाली ठेवून घेण्याच्या कामात त्यांनी हातभार लावला आणि २००५ च्या निवडणुकीसाठी गावोगावी स्त्रियांची मतदार नोंदणी केली. ग्बोवीला २०११ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. मैदानात बसलेल्या शेकडो मासळीविक्रेत्या आणि भाजीवाल्या बायांची नावे मात्र कोणाच्या ओठांवर नाहीत.

एखादे गाव दोन्ही बाजूंपासून अलिप्त राहू शकते का?

प्रयत्न करू शकते, आणि त्याची किंमत फार मोठी असते. कोलंबियातील सान होसे दे आपार्तादो येथील शेतकऱ्यांनी २३ मार्च १९९७ रोजी स्वतःला ‘शांतता समुदाय’ म्हणून घोषित केले. शस्त्र बाळगायचे नाही, गनिमी बंडखोर, निमलष्करी टोळ्या आणि सरकारी लष्कर यांपैकी कोणालाही रसद किंवा माहिती द्यायची नाही, आणि शेतीची कामे मिळून करायची, असे त्यांचे नियम होते. तिघांनीही त्यांना शत्रू मानले. २१ फेब्रुवारी २००५ रोजी समुदायाचे एक नेते लुईस एदुआर्दो गेर्रा यांच्यासह आठ जणांची हत्या झाली, ज्यांत लहान मुलेही होती. त्यानंतरही समुदायाने आपले नियम बदलले नाहीत. २०१३ मध्ये कोलंबियाच्या राष्ट्राध्यक्षांनी या समुदायाची जाहीर माफी मागितली.

डॉक्टर, परिचारिका आणि बचावकर्ते यांना कायद्याचे संरक्षण नसते का?

कागदोपत्री असते. १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांतील समान तिसरे कलम अंतर्गत सशस्त्र संघर्षालाही लागू आहे, आणि जखमी व आजारी व्यक्तींना उचलून त्यांची शुश्रूषा झाली पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. १९७७ च्या दुसऱ्या पूरक करारात तर असेही म्हटले आहे की, वैद्यकीय नीतीला धरून उपचार केल्याबद्दल कोणालाही शिक्षा करता येणार नाही, मग रुग्ण कोणत्याही बाजूचा असो.

सीरियात २०११ मध्ये सुरू झालेल्या संघर्षात घडले ते याच्या नेमके उलट. रुग्णालयेच लक्ष्य झाली, म्हणून डॉक्टर जमिनीखाली गेले. अमानी बल्लूर या तरुण बालरोगतज्ज्ञ स्त्रीने दमास्कसजवळच्या वेढ्यात सापडलेल्या पूर्व घौता भागात तळघरातील रुग्णालय चालवले. आणि बाईने रुग्णालयाची प्रमुख का व्हावे, हे टोमणेही तिला त्याच तळघरात ऐकावे लागले. एप्रिल २०१६ मध्ये अलेप्पोतील अल-कुद्स रुग्णालयावर हवाई हल्ला झाला आणि शहरात उरलेल्या मोजक्या बालरोगतज्ज्ञांपैकी एक मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच, ३ मे २०१६ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने आरोग्यसेवेवरील हल्ल्यांचा निषेध करणारा ठराव क्रमांक २२८६ एकमताने संमत केला. हल्ले त्यानंतरही सुरूच राहिले.

‘व्हाईट हेल्मेट्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सीरियन नागरी संरक्षण दलातले स्वयंसेवक पूर्वी शिंपी, सुतार, पाववाले, शिक्षक आणि विद्यार्थी होते. पहिल्या बॉम्बनंतर बचावकर्ते गोळा झाले की त्याच जागी दुसरा बॉम्ब टाकायचा, ही पद्धत त्यांना माहीत होती, तरीही ढिगाऱ्याखालून आवाज आला की ते धावत असत. संस्थेच्या नोंदीनुसार त्यांनी एक लाखाहून अधिक माणसांना वाचवले आणि त्यांचे अडीचशेहून अधिक सहकारी या कामात मरण पावले.

हे सारे जुन्या काळातले आहे का? आज असे कोठे घडत आहे?

सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ रोजी लष्कर आणि निमलष्करी ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ यांच्यात युद्ध पेटले. सरकारी यंत्रणा कोलमडली आणि बहुतेक परदेशी संस्थांनी खार्तूम सोडले, तेव्हा मोहल्ल्यामोहल्ल्यांतील तरुणांनी ‘आपत्कालीन प्रतिसाद कक्ष’ उभे केले. या तरुणांपैकी अनेक जण २०१८–१९ च्या लोकशाहीवादी उठावातील प्रतिकार समित्यांतून आलेले होते, त्यामुळे कोणाच्या घरात आजारी माणूस आहे, कोणाकडे चालू स्थितीतली गाडी आहे, कोणत्या विहिरीला पाणी आहे, हे त्यांना आधीच ठाऊक होते. परदेशी असलेल्या सुदानी लोकांनी मोबाइलवरून पाठवलेल्या पैशांत त्यांनी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली, जखमींना हलवले, दवाखाने सुरू ठेवले. दोन्ही सशस्त्र बाजूंनी त्यांच्यावर हेरगिरीचा संशय घेतला, अनेकांना पकडून छळले, काहींना ठार मारले. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली, तेव्हा त्यांची कित्येक स्वयंपाकघरे बंद पडली. त्याच वर्षी या कक्षांना ‘पर्यायी नोबेल’ म्हणून ओळखला जाणारा ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला.

मुलांनीही असे धैर्य दाखवले आहे का?

रवांडातील न्यांगे येथील शाळेवर १८ मार्च १९९७ च्या रात्री सशस्त्र हल्लेखोर घुसले. हुतू आणि तुत्सी यांनी वेगवेगळे उभे राहावे, असा त्यांनी विद्यार्थ्यांना हुकूम केला. आम्ही सगळे रवांडाचेच आहोत, असे सांगून विद्यार्थ्यांनी वेगळे होण्यास नकार दिला. हल्लेखोरांनी गोळ्या झाडल्या आणि हातबॉम्ब टाकले. सहा विद्यार्थी मारले गेले, अनेक जण कायमचे जायबंदी झाले. वंशसंहाराला तीन वर्षेही झाली नव्हती, आणि त्यांपैकी अनेकांनी आपल्या घरातली माणसे त्यात गमावली होती. पुढे रवांडाने या विद्यार्थ्यांना राष्ट्रीय वीरांमध्ये स्थान दिले.

मुलांच्या धैर्याचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये: ज्या मोठ्यांनी त्यांच्यावर ही वेळ येऊ दिली, त्यांची जबाबदारी त्या कौतुकाने कमी होत नाही.

माणसे मरत असताना पुस्तके आणि मूर्ती वाचवण्यासाठी जीव देणे योग्य आहे का?

हा प्रश्न कठोर असला तरी रास्त आहे. साराजेव्होच्या राष्ट्रीय ग्रंथालयावर २५ ऑगस्ट १९९२ च्या रात्री तोफगोळे डागून आग लावण्यात आली, तेव्हा नागरिकांनी आणि कर्मचाऱ्यांनी साखळी करून हाती लागतील तेवढी पुस्तके बाहेर काढली. त्या कामात सहभागी झालेली ग्रंथपाल आयदा बुतुरोविच घरी परतताना तोफगोळ्याच्या स्फोटात मारली गेली. ऑगस्ट २०१५ मध्ये सीरियातील पाल्मायरा येथे, आयुष्यभर त्या प्राचीन शहराची देखभाल केलेले, ऐंशी ओलांडलेले पुरातत्त्वज्ञ खालेद अल-असअद यांचा इस्लामिक स्टेटने शिरच्छेद केला. लपवलेल्या वस्तूंचा ठावठिकाणा त्यांनी सांगितला नव्हता. एखादा समाज तेथे कधी नव्हताच, असे सिद्ध करण्याचा खटाटोप यादवीत केला जातो, म्हणून पुराभिलेख आणि ग्रंथालये मुद्दाम जाळली जातात. तेथे मिळून राहत असलेल्या माणसांचा पुरावा वाचवणे हे त्या माणसांना वाचवण्याच्या कामाचाच एक भाग आहे, असे मला वाटते. त्यासाठी कोणी जीव द्यावा, असे दुसऱ्याने सांगण्याचा अधिकार मात्र कोणालाही नाही.

अशी माणसे मुळातच वेगळी असतात का?

वरील उदाहरणांतून तसे दिसत नाही. शिंपी, वैदू, ग्रंथपाल, शेतकरी, पोलीस अधिकारी, शाळकरी मुले यांच्यात समान धागा शोधायचा तर दोनच गोष्टी ठळकपणे समोर येतात. एक म्हणजे बहुतेकांनी आपले नेहमीचेच काम सोडले नाही. डॉक्टर डॉक्टरच राहिली, वैदू वैदूच राहिली. दुसरी म्हणजे त्यांना सहसा कोणाची तरी सोबत होती. सोबत असली की भीती नाहीशी होत नाही, पण ती वाटून घेता येते. सुदानमधील कक्ष काही आठवड्यांत उभे राहू शकले, कारण माणसांचा एकमेकांवरचा विश्वास युद्धाच्या आधीच तयार झालेला होता.

वाचवणारी सर्व माणसे निष्कलंक होती, असे समजावे का?

नाही. रवांडातील साक्षींमधून असेही पुढे आले आहे की, काहींनी ओळखीच्या तुत्सी कुटुंबाला घरात लपवले आणि त्याच काळात दुसरीकडच्या हल्ल्यात भाग घेतला. काहींनी पैसे घेऊन आसरा दिला आणि पैसे संपल्यावर बाहेर काढले. एका चांगल्या कृत्याने दुसरा गुन्हा पुसला जात नाही, आणि गुन्ह्यामुळे वाचलेल्या माणसाचा जीव खोटा ठरत नाही. दोन्ही गोष्टी नोंदवल्या गेल्या पाहिजेत. त्याचप्रमाणे ज्यांनी भीतीपोटी दार उघडले नाही, त्यांना मारेकऱ्यांच्या रांगेत बसवणेही चूक आहे. घरात लेकरे असताना बंदुकीसमोर गप्प राहिलेल्या माणसाचा न्याय सुरक्षित ठिकाणी बसून करू नये.

युद्ध संपल्यावर या माणसांचा संघर्ष संपतो का?

बेपत्ता माणसांच्या कुटुंबांसाठी तर तो तेव्हाच सुरू होतो. लेबननच्या गृहयुद्धात (१९७५ ते १९९०) सुमारे १७ हजार माणसे बेपत्ता झाल्याचे सांगितले जाते. १९८२ मध्ये वदाद हलवानी यांच्या पतीला घरातून नेण्यात आले. त्यांनी रेडिओवरून आपल्यासारख्याच इतर कुटुंबांना हाक दिली, आणि शेकडो स्त्रिया बैरूतमध्ये जमल्या. त्यांत सगळ्या धर्मपंथांच्या स्त्रिया होत्या, कारण सगळ्याच बाजूंनी माणसे पळवली होती. युद्धानंतर १९९१ मध्ये सर्वसाधारण माफीचा कायदा झाला, माजी टोळीप्रमुख मंत्री झाले, आणि जुन्या जखमा उकरू नका असा उपदेश या स्त्रियांना केला जाऊ लागला. त्या हटल्या नाहीत. अखेर नोव्हेंबर २०१८ मध्ये लेबननच्या संसदेने कायदा क्रमांक १०५ संमत केला आणि बेपत्ता व्यक्तींचे काय झाले हे जाणून घेण्याचा कुटुंबीयांचा हक्क मान्य केला. तोपर्यंत त्या शोधात असलेल्या कित्येक आया हयात राहिल्या नव्हत्या.

सध्या चालू असलेल्या युद्धातील अशा व्यक्तींविषयी लिहिताना कोणती काळजी घ्यावी?

आपल्या कौतुकामुळे कोणाचा ठावठिकाणा उघड होणार नाही, याची खात्री आधी करावी. लपवणाऱ्याचे नाव, घराचे छायाचित्र, स्वयंपाकघराची जागा किंवा रुग्णालयाचे प्रवेशद्वार प्रसिद्ध झाले, तर ते सर्वांत आधी शोधणाऱ्यांच्या नजरेस पडते. संबंधित व्यक्तीने संमती दिली असली, तरी तिचे नातेवाईक अजून त्याच भागात आहेत का, हे विचारावे, आणि ते असतील तर मजकूर थांबवून ठेवावा.